'द फेअरवेल' : आजीला काही कळू द्यायचं नाही

रानजाई

आधीच सांगते, या धाग्यात शेवट उघड होणार आहे. सिनेमा पाहायचा असेल तर पाहून मग या.

लुलू वांगचा 'द फेअरवेल' २०१९ साली आला तेव्हा राहून गेला होता. गेल्या आठवड्यात पाहिला आणि डोक्यातून जात नाही. बोलायला माणसं हवीत, म्हणून हा धागा.

गोष्ट थोडक्यात. बिली सहा वर्षांची असताना आईवडिलांबरोबर चीन सोडून अमेरिकेत आली. आता न्यूयॉर्कमध्ये एकटी राहते, लेखिका व्हायचंय, लेखक-कलावंतांना मिळणाऱ्या गुगेनहाइम फेलोशिपचा अर्ज नुकताच नाकारला गेलाय आणि हे तिनं घरी कुणाला सांगितलेलं नाही. तिची आजी, नाय नाय, चीनमधल्या चांगचुन शहरात. दोघी फोनवर मनसोक्त बोलतात. आजीला फुप्फुसाचा कॅन्सर निघतो, तोही चौथ्या टप्प्यातला. डॉक्टर म्हणतात तीन महिने. पण हे ते आजीला सांगत नाहीत, तिच्या धाकट्या बहिणीला सांगतात. बहीण मुलांना कळवते आणि सगळे मिळून ठरवतात की आजीला काही कळू द्यायचं नाही. शेवटचं भेटायला तर यायचंय, मग निमित्त काय? जपानमध्ये राहणाऱ्या नातवाचं लग्न घाईघाईनं ठरवतात. नवरा-नवरीची ओळख जेमतेम तीन महिन्यांची. बिलीला आईवडील बजावतात, तू येऊ नकोस, तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. ती ऐकत नाही, जाऊन धडकते.

हे दिग्दर्शिकेच्या स्वतःच्या घरात घडलेलं आहे. सुरुवातीला पाटीच येते की ही गोष्ट एका खऱ्याखुऱ्या खोटेपणावर बेतलेली आहे. सिनेमाच्या आधी, २०१६ मध्ये, तिनं हीच हकीकत 'धिस अमेरिकन लाइफ' या रेडिओ कार्यक्रमात सांगितली होती.

पहिलाच प्रसंग बघा. आजी हॉस्पिटलमध्ये बसून नातीशी फोनवर बोलतेय आणि सांगतेय की मी तुझ्या धाकट्या आजीकडे आलेय. आजी विचारते टोपी घातलीस का, नात म्हणते हो. घातलेली नाही. मोठं खोटं अजून सुरूही झालेलं नाही आणि दोघी एकमेकींना जपायला आधीच थापा मारतायत. इथेच मी सिनेमाच्या ताब्यात गेले.

आणि आजी! पडद्यावरची म्हातारी माणसं बहुतेक वेळा आशीर्वादासाठी हात वर करायला नाहीतर खाटेवर पडून डोळे मिटायला असतात. ही बाई लग्नाचा सगळा कारभार हातात घेते. मेजवानीत खेकडा येणार, लॉबस्टर नाही, हे कळल्यावर हॉलच्या लोकांशी वाद घालते. नातीला सकाळी बाहेर नेऊन हात झटकत 'हा!' असं जोरात ओरडायचा व्यायाम शिकवते. ती मरणार आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि त्या घोळक्यात सर्वात जिवंत तीच असते. झाओ शुझेन या अभिनेत्रीनं ही आजी उभी केलीय. तिला त्या कामासाठी अमेरिकेतला इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला आणि सिनेमालाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा.

मला चर्चा हवीय ती दोन गोष्टींवर. एक, घरच्यांनी केलं ते बरोबर का? आणि दोन, हा सिनेमा अमेरिकेत इतका डोक्यावर घेतला गेला आणि चीनमध्ये मात्र नाही, ते का? माझं मत असं की न सांगण्यानं आजीचं काय झालं हा प्रश्न सिनेमाला पडलाय, पण त्याहून जास्त लागतं ते नातीचं. निरोप घ्यायचा हक्क तिच्याकडून काढून घेतला गेला आणि तेही तिच्याच माणसांनी, प्रेमानं.

तिरफळ

रानजाई, छान धागा. तुमचं शेवटचं वाक्य मला फार लागलं, कारण आमच्या घरी हेच झालं.

माझ्या वडिलांची आई, आम्ही तिला मोठीआई म्हणायचो. गावाहून मुंबईला आणलं तेव्हा सगळ्यांनी तिला सांगितलं की पोटात व्रण आहे, औषधानं बरा होईल. मी तेव्हा कॉलेजात होते. मला सांगण्यात आलं की तिच्याजवळ बसायचं, पण रडायचं नाही, आणि "कधी बरी होणार" विचारलंन तर "गणपतीपर्यंत" म्हणायचं. मी म्हटलं तसं. तिला विचारायच्या कितीतरी गोष्टी होत्या. लग्नाआधी ती शाळेत किती शिकली, आजोबांशी तिचं पटायचं का, आमचे एक काका लहानपणी गेले ते कसे. यातलं काहीही विचारलं असतं तरी तिला संशय आला असता, म्हणून मी हवापाण्याच्या गप्पा मारत बसले.

बिली आईसमोर फुटते तो प्रसंग मी थांबवून थांबवून पाहिला. ती सांगते की आपण अमेरिकेला गेलो, मग आजोबा आजारी पडले ते मला कुणी सांगितलंच नाही, परत आले तर ते नव्हते, ते घर नव्हतं, ती बाग नव्हती. म्हणजे खोटं फक्त आजीशी नाही बोललेलं. नातीशीही बोललेलं आहे, आधीपासून.

ओपीडीवाला

व्यवसायानं डॉक्टर आहे, म्हणून थोडं त्या बाजूनं लिहितो.

सिनेमातले काका बिलीला समजावतात की तुम्ही पाश्चात्त्य लोक आयुष्य एकट्याचं मानता, आमच्याकडे ते कुटुंबाचं असतं, तिच्या मनावरचा भार आपण उचलायचा. हे भाषण बऱ्याच परीक्षणांत सिनेमाचं सार म्हणून आलं. पूर्व विरुद्ध पश्चिम. माझा याला आक्षेप आहे.

१९६१ साली डोनाल्ड ओकेन या डॉक्टरनं शिकागोतल्या एका हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांची पाहणी केली. कॅन्सर झाल्याचं रुग्णाला न सांगण्याकडे जवळजवळ ९० टक्के डॉक्टरांचा कल होता. अमेरिकेत! १९७९ मध्ये अशाच प्रश्नावलीवर पुन्हा पाहणी झाली तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूनं होते. अठरा वर्षांत सगळं उलटं झालं. त्या काळात उपचार सुधारले, रुग्णांच्या हक्कांची चळवळ झाली, संमतीचे कायदे घट्ट झाले. अमेरिकन माणसाच्या रक्तात सत्य आणि चिनी माणसाच्या रक्तात लपवाछपवी असं काही नाही.

आणि जपानचं म्हणाल, तर सम्राट हिरोहितो १९८९ च्या जानेवारीत गेले तोवर त्यांना कॅन्सर आहे हे ना लोकांना सांगितलं होतं ना त्यांना स्वतःला.

आता आपल्याकडे या. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारसंहितेचे नियम आहेत. त्यात म्हटलंय की डॉक्टरनं आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. पण पुढे असंही आहे की रुग्ण, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांना रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या हिताची ठरेल एवढी माहिती आहे याची डॉक्टरनं खात्री करावी. त्या "किंवा"मधून आपली सगळी ओपीडी चालते. पेशंट आत यायच्या आधी मुलगा दार ढकलून येतो, "डॉक्टर, बाबांसमोर बोलू नका." चीनच्या कायद्यातही अशी सोय आहे. रुग्णाला सांगणं योग्य नसेल तर जवळच्या नातेवाइकांना सांगा, असं तिथं लिहूनच ठेवलंय.

सिनेमातला तो तरुण डॉक्टर आठवा. इंग्लंडमध्ये शिकून आलेला. बिली त्याच्याशी आजीच्या देखत इंग्रजीत बोलते आणि तो सांगतो की हे चांगल्या हेतूचं खोटं आहे, आमच्या घरीही आजीच्या वेळी असंच केलं. प्रसंग विनोदी आहे, कारण आजी मध्येच त्याच्याकडे नातीसाठी स्थळ म्हणून बघतेय. मला मात्र हसू आलं नाही. मी त्याच्या खुर्चीत रोज बसतो.

दुहेरी_गाठ

मला सिनेमा आवडला नाही, आणि का ते सांगतो.

शेवटी पाटी येते, की ज्या बाईवरून नाय नाय रचली ती निदानानंतर सहा वर्षांनीही हयात आहे आणि तिला अजून माहीत नाही. सगळं थिएटर टाळ्या वाजवतं. म्हणजे काय झालं? घरच्यांचं खोटं जिंकलं. तीन महिन्यांत ती गेली असती तर हीच गोष्ट आपण कशी पाहिली असती? दिग्दर्शिकेनं दीड तास प्रश्न उघडा ठेवला आणि शेवटच्या मिनिटाला बंद केला.

लग्नाच्या गडबडीत आजीचा नवा रिपोर्ट येतो आणि घरचे त्यात फेरफार करून फुप्फुसावर फक्त निरुपद्रवी सावली वगैरे लिहून घेतात. हा गुन्हा आहे. सिनेमा तो मजेत दाखवतो. ज्या बाईला आपला आजारच माहीत नाही, ती केमो घ्यायची की नाही हे कसं ठरवणार? घर कुणाच्या नावावर करायचं, कुणाशी अबोला सोडायचा?

रानजाई

दुहेरी_गाठ, रिपोर्टबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. मलाही तिथं गुदमरल्यासारखं झालं. पण पाटीबद्दल नाही. दिग्दर्शिकेची खरी आजी जिवंत होती, हे तिनं लपवायला हवं होतं का? शूटिंग चांगचुनलाच झालं, आजोबांच्या कबरीवरचा प्रसंग खऱ्या आजोबांच्या कबरीवर चित्रित केला, आणि धाकट्या आजीचं काम तिच्या खऱ्या धाकट्या आजीनंच केलंय. त्या बाईला अभिनयाचा काही अनुभव नव्हता. विचार करा, जिनं खरं खोटं निभावलं तीच कॅमेऱ्यासमोर ते पुन्हा निभावतेय. एवढं सगळं खरं असताना शेवट तेवढा दुःखाचा रचायचा, तर ती प्रेक्षकांशी थाप झाली असती.

आणि पाटी वाचून मला तरी सुटल्यासारखं वाटलं नाही. सहा वर्षं! तीन महिन्यांसाठी घेतलेला भार त्या माणसांनी सहा वर्षं वाहिला. प्रत्येक फोनवर.

शेवग्याचीशेंग

नोकरीमुळे काही वर्षं चीनमध्ये होतो, तेव्हा दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

अमेरिकेतलं स्वागत काय होतं ते आधी. जानेवारी २०१९ मध्ये सनडान्स महोत्सवात पहिला खेळ झाला, ए-ट्वेंटीफोर या वितरक कंपनीनं सिनेमा घेतला आणि जुलैत फक्त चार थिएटरांत लावला. त्या आठवड्याअखेरीस दर थिएटरमागे सरासरी सुमारे ८९ हजार डॉलर जमले. त्या वर्षी तोवर ही सर्वात जास्त सरासरी होती, 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या शेवटच्या भागापेक्षाही जास्त. साधारण ३० लाख डॉलरमध्ये केलेला, बहुतेक संवाद चिनी भाषेत असलेला सिनेमा. पुढे बिलीचं काम करणाऱ्या ऑक्वाफिनाला गोल्डन ग्लोब मिळालं, विनोदी किंवा सांगीतिक चित्रपटातल्या प्रमुख अभिनेत्रीचं. त्या विभागात ते मिळवणारी ती आशियाई वंशाची पहिलीच. ऑस्करला मात्र एकही नामांकन नाही.

चीनमध्ये तो थिएटरांत लागला तेव्हा फारसा चालला नाही. 'तिला सांगू नका' अशा अर्थाच्या नावानं आला होता. माझ्या ओळखीच्यांपैकी ज्यांनी पाहिला त्यांची पहिली प्रतिक्रिया होती, "यात सिनेमा करण्यासारखं काय आहे? आमच्या काकांनाही सांगितलं नव्हतं." अमेरिकन प्रेक्षकाला जे ऐकून धक्का बसतो, आणि ज्या धक्क्यावर सगळी गोष्ट तोललेली आहे, तो धक्काच तिथं नाही. दुसरी तक्रार ऑक्वाफिनाच्या चिनीची. बिलीची भाषा मोडकी असणं हे पात्राला धरून आहे, पण ते कानाला खटकतंच. आणि तिसरी, जी मला सर्वात पटली, ती अशी की हॉटेलवाला, जेवणाच्या टेबलावरचं अमेरिका चांगली की चीन चांगला हे भांडण, कपिंग, म्हणजे गरम पेले लावायचा उपचार, करून पाठीवर उठलेले गोल डाग, हे सगळं बाहेरून आलेल्या माणसाच्या नजरेचं आहे.

पण ते बाहेरचंच असायला हवं ना? बिली पाहुणीच आहे तिथं. माझ्या मते सिनेमा चीनबद्दल नाही. घर सोडून गेलेल्यांबद्दल आहे. आजीचे दोन मुलगे, एक अमेरिकेत एक जपानमध्ये, पंचवीस वर्षांनी एकत्र तिच्या घरी जमतात. आईपासून इतकी वर्षं लांब राहिल्याची टोचणी मोठ्या भाषणापेक्षा त्या दोघांच्या सिगरेट ओढत गप्प बसण्यातून जास्त कळते.

सातवीण

शेवग्याचीशेंग +१. मी स्वतः न्यू जर्सीत आहे, वीसेक वर्षं झाली.

इथल्या पुरस्कारांच्या नियमाचं एक सांगते, कारण तेव्हा आमच्या ग्रुपवर त्यावर खूप बोलणं झालं. गोल्डन ग्लोबचा नियम होता की निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीत नसतील तर सिनेमा परभाषक विभागात. म्हणून अमेरिकन दिग्दर्शिकेचा, अमेरिकन पैशातून झालेला, अमेरिकन मुलीच्या नजरेतून सांगितलेला सिनेमा परदेशी ठरला. निर्मात्यांकडून सूचना कसल्या येत होत्या, तर बिलीलाच नवरी करा, तिला एक गोरा मित्र द्या. वांगनं मुलाखतींमध्ये हे सांगितलंय. तिनं नकार दिला आणि म्हणून सिनेमा व्हायला वेळ लागला.

ऑक्वाफिनाबद्दलही एक. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली आणि ती न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये वडिलांच्या आईकडे वाढली. तोवर ती रॅप आणि विनोदी भूमिकांसाठीच ओळखली जायची. या सिनेमात तिचे खांदे बघा, सतत पुढे झुकलेले. सगळे हसत असताना ती एकटी वाकून उभी. कॅमेरा अ‍ॅना फ्रांकेसा सोलानोचा. पूर्ण कुटुंब एका चौकटीत, गोल टेबलाभोवती, आणि सगळ्यांच्या माना ताटात. कोण रडू दाबतंय ते आपणच शोधायचं.

निघायच्या दिवशीची गाडी. आजी दारात उभी राहते आणि गाडी पुढे जाते तशी लहान होत जाते. इथं राहणाऱ्या आमच्यापैकी प्रत्येकानं ते मागच्या काचेतून पाहिलेलं आहे. कुणालाही कॅन्सर नसताना.

तिरफळ

एक विचारू? तुम्हाला काय वाटतं, नाय नायला कळलं होतं का?

मला वाटतं कळलं होतं. मधेच उघड होतं ना, की तिनं स्वतःच्या नवऱ्याच्या वेळी अगदी हेच केलं होतं. त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. जिनं हा खेळ स्वतः मांडलाय तिला समोरच्याची चाल कळणार नाही? जपानहून, अमेरिकेहून सगळे एकाच वेळी, तीन महिन्यांच्या ओळखीचं लग्न, मोठा मुलगा भाषणात हुंदके देतोय, नवरामुलगा दारू पिऊन ढसाढसा रडतोय.

आमच्या मोठीआईनं शेवटच्या आठवड्यात पाटल्या काढून आत्याच्या हातात दिल्यान् आणि म्हणाली, "हाताला सैल होतायत." त्यावर कुणी काही बोललं नाही. आणि खरं सांगायचं तर तिला परळला टाटाला नेलं होतं. आमच्या अख्ख्या गावाला ठाऊक आहे की टाटाला कशासाठी नेतात. तिला माहीत नसेल?

ओपीडीवाला

तिरफळ, तुमच्या आजींना माहीत होतं. जवळपास सगळ्यांना माहीत असतं. शरीर सांगतं, आणि घरातली कुजबुज सांगते. माझ्या अनुभवात न सांगितलेल्या पेशंटचं सर्वात मोठं दुःख मरण नसतं. आपल्याला कळलंय हे कुणाला सांगता येत नाही, कारण मुलांनी एवढी धडपड करून लपवलंय, त्यांना वाईट वाटेल, याचं असतं. म्हणजे मुलं आईला जपतायत आणि आई मुलांना.

म्हणून दुहेरी_गाठ यांच्या प्रश्नालाही उत्तर देतो. सांगायचं की नाही असा दोनच टोकांचा मामला नसतो. मी आता पहिल्याच भेटीत, तपासण्या व्हायच्या आधी, पेशंटलाच विचारतो: "रिपोर्ट आल्यावर तुम्हाला सगळं सांगू, की मुलांशी बोलू?" कितीतरी म्हातारी माणसं शांतपणे सांगतात, मुलाशी बोला, मला नको. तो त्यांचा हक्क आहे आणि मी तो पाळतो. आणि काही म्हणतात, मला सांगा, पण मुलीला सांगू नका, तिची बारावी आहे. हा प्रश्न नाय नायला कुणीच विचारला नाही. माझ्या दृष्टीनं चूक तिथं आहे, नंतरच्या खोट्यात नाही.

दुहेरी_गाठ

हे पटलं. मग माझा राग सिनेमावर कमी आणि त्या पहिल्या डॉक्टरवर जास्त आहे, ज्यानं बहिणीला बाजूला घेतलं.

चाफेकळी_गोवा

उशिरा येतेय, पण कुणीच आईबद्दल लिहिलं नाही म्हणून.

बिलीची आई, जियान. डायना लिननं केलीय. सगळ्या समीक्षा आजी-नातीवर, आणि मधली बाई गायब. ती सून आहे. सासूशी तिचं फार गोडीचं कधी नव्हतं, हे सिनेमा दोन-तीन वाक्यांतून सांगतो. सगळे डोळ्यांत पाणी आणतात, ती आणत नाही. मुलीला वाटतं आई कोरडी आहे. पण हीच बाई परक्या देशात गेली तेव्हा मुलीच्या पियानोसाठी चर्चच्या पाद्र्यानं किल्ली कशी दिली ते सांगते, आणि आपल्याला कळतं की तिनं स्वतःचं घर, स्वतःचे आईबाप कधीच मागे टाकले आणि त्याबद्दल तिच्यासाठी कुणी लग्न काढून जमलं नव्हतं.

माझ्या आजीच्या शेवटच्या दिवसांत आजीला भरवणं, अंग पुसणं, बेडपॅन, सगळं माझ्या आईनं केलं. आजीला सांगायचं नाही हे ठरवलं काकांनी, दिवाणखान्यात बसून. पण रात्री दोनला आजी "मला काय झालंय गो?" असं विचारायची ती आईला. खोटं बोलायचं कामही शेवटी सुनेकडेच आलं. सिनेमात धाकट्या आजीच्या वाट्याला तेच आलंय. बाकीचे विमानात बसून परत जातात, ती तिथंच राहते.

रानजाई

चाफेकळी, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. मी जियानला बिलीच्या नजरेनंच पाहत होते.

मग आता तुमच्या प्रतिसादानंतर माझं मत सांगते. निरोपाचा हक्क नातीकडून काढून घेतला हे मी वर लिहिलंय, त्यावर ठाम आहे. पण तिला थोडा तरी निरोप मिळतो. लग्नाच्या रात्री आजी तिला लाल पाकीट देते, पैसे हवे तसे खर्च कर म्हणते, आणि बिली तेव्हा कुठे तिला फेलोशिप नाकारल्याचं सांगते. त्या घरात त्या सगळ्या दिवसांत कुणी कुणाला खरं सांगितलं असेल तर ते एवढंच. नातीनं आजीला. आजीही काही उपदेशाचे डोस पाजत नाही, म्हणते एका नकारावर अडून बसू नकोस. आजाराबद्दल बोलता येत नव्हतं, म्हणून बिली आपल्याबद्दलचं खरं बोलली.

तिरफळ, तुम्हाला मोठीआईला विचारता आलं नाही त्या तीन गोष्टींपैकी शाळेचं आणि आजोबांचं तुमच्या आत्यांना माहीत असेल. त्या आहेत ना अजून? विचारा त्यांना, आणि इथं लिहा.

तिरफळ

आहेत, डोंबिवलीला. रविवारी जाते.